सत्कार नको, आगाऊ पैसे द्या

संपादक महोदय,

शेतीपंपाची थ्री फेज लाइन रात्रीची, अन् मोटार सुरू करायला जावं तर वाटेत रानडुकरं. आमच्या गावातल्या एका पोरानं जुना मोबाइल आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडून मिस्ड कॉलवर चालणारा स्टार्टर बनवला. तीनपैकी एक फेज गेली की मोटार आपोआप बंद पडते, वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळत नाही. सगळे बघून गेले, वाहवा केली. पैसे मात्र ‘कापूस विकल्यावर’!

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी तुटपुंज्या शेतीत एचएमटी धानाचं वाण शोधलं. ते दूरदूरवर पेरलं गेलं, पुरस्कारही मिळाले. पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती. शाल-श्रीफळावर घर चालत नाही.

पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून आगाऊ रक्कम दिली तरी अशा पोराचं सुट्या भागांचं भांडवल उभं राहतं. ग्रामपंचायतीनं रिकामी खोली वीजजोडणीसह द्यावी. आणि वापरणाऱ्यांनी खोट स्पष्ट सांगावी. आमच्या स्टार्टरच्या डब्यात पावसाळ्यात ओल शिरते, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा