रस्त्यावरचे छायाचित्रण : नवशिक्यांनी घाई करू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत रविवारी सकाळी भाजीला जाणाऱ्यांना गळ्यात कॅमेरे अडकवलेल्या तरुण मुलामुलींचे घोळके आता नवे राहिलेले नाहीत. हा छंद वाढतो आहे याचा मला आनंदच आहे. मात्र त्याची सुरुवात ज्या रीतीने होते, ती पाहता चार शब्द लिहावेसे वाटले. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या एखाद्या आजींसमोर पाच-सहा जण एकदम उकिडवे बसतात, लांब पल्ल्याच्या लेन्स रोखतात, गिऱ्हाईक मागे ताटकळत राहते आणि आजी पदर ओढून तोंड फिरवतात. मग त्या फिरवलेल्या तोंडाचेही फोटो निघतात.

नवशिक्यांना सुरकुतलेले चेहरेच हवेसे वाटतात, याचे कारण बहुधा तसे फोटो त्यांनी आधी भरपूर पाहिलेले असतात. माझ्या मते पहिले काही महिने चेहऱ्यांच्या मागे लागूच नये. मंडईच्या अष्टकोनी इमारतीत बाहेरच्या उन्हातून आतल्या अंधारात शिरणारी माणसे क्षणभर अर्धी उजळलेली असतात. अशी एक जागा हेरावी, आधी पार्श्वभूमी नीट बसवून घ्यावी आणि हमाल, पाटीवाला, शाळकरी पोर, जे कोणी त्या उजेडात पाऊल टाकेल, त्याची वाट पाहावी. बगळ्यासारखे उभे राहण्याचा कंटाळा येतो खरा, पण थोड्या वेळाने आपल्याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही आणि माणसे आपापल्या कामात मोकळेपणाने वावरू लागतात.

महागड्या कॅमेऱ्याची तर यासाठी मुळीच गरज नाही. हातातला मोबाइल पुरतो. पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेडाचे माप तिथेच बांधले जाते, एवढे माहीत असले तरी काम भागते. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेलच, तर २८ मिमीची लेन्स लावून, अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र) एफ ८ वर ठेवून फोकस अडीच मीटरवर कायम करावा. साधारण दीड ते दहा मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते आणि ऐन क्षणी फोकस शोधण्यात वेळ जात नाही. चालती माणसे हलू नयेत म्हणून शटर सेकंदाच्या २५० व्या भागापेक्षा मंद नसावे, सावलीत त्यासाठी आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, बेलाशक वाढवावा. त्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसले तर बिघडत नाही. विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम एकाच ५० मिमीच्या लेन्सवर केले. आपल्या होमाई व्यारावाला यांनीही वृत्तछायाचित्रकार म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी मुंबईचे रोजचे जगणे टिपले होते आणि त्यांतली काही छायाचित्रे सुरुवातीला पतीच्या नावाने छापली गेली होती. आजच्या मुलामुलींना निदान तो अडथळा नाही.

राहिला परवानगीचा प्रश्न. प्रत्येक वेळी आधी विचारले तर सहजपणा जातो, हे मान्य. पण फोटो काढल्यावर नजरानजर झाली की हसून तो दाखवावा आणि समोरच्याने नको म्हटले तर त्याच्यासमोरच पुसून टाकावा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. झोपलेली, आजारी किंवा भीक मागणारी माणसे नवशिक्याने सोडूनच द्यावीत. तेवढी समज हाताला यायला वेळ लागतो.

फोटोवॉक (गटाने फिरत फोटो काढण्याचा उपक्रम) आयोजित करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, त्यांनी वीस-पंचवीस जणांचा जथा एकाच गल्लीत न सोडता दोघादोघांना वेगवेगळ्या बाजूंना पाठवावे आणि ऐन विक्रीची वेळ टाळावी. आपणही रविवारच्या पुरवणीत वाचकांनी टिपलेल्या अशा एका छायाचित्राला, स्थळ आणि वेळ नमूद करून, नियमित जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे