स्नॉर्कलिंग आहे की स्कूबा ते आधी सांगा, मग घाट दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की मालवणात जेट्टीपासून बाजारापर्यंत आणि तिथून सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर 'एका दिवसात समुद्र आणि सह्याद्री' अशा सहलींच्या जाहिराती फिरायला लागतात. सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग, दुपारी मालवणी थाळी, मग गाडीत बसून कुडाळ, सावंतवाडी, दाणोली करत आंबोली घाट, कावळेसादला सूर्यास्त आणि रात्री परत. आमचं मालवण तालुक्यात छोटंसं निवास-न्याहारी आहे, आमच्याकडचे पाहुणे ह्या जाहिराती मोबाईलवर दाखवून विचारतात, ताई हे करू का? त्यावर माझं उत्तर काय असतं आणि का असतं ते चार लोकांपर्यंत जावं म्हणून हे पत्र लिहितेय.

आधीच सांगते, माझा ह्या सहलीला विरोध नाहीये. देशात असे जिल्हे किती आहेत जिथे सकाळी प्रवाळ बघायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी सातशे मीटर उंचीवर ढगात उभं राहायचं? १९९७ साली आपल्या सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं ते काही उगाच नाही, आणि आज बोटवाले, गाडीवाले, खानावळवाल्या, आमच्यासारखे घरात दोन खोल्या काढून देणारे, सगळ्यांच्या चुली ह्याच्यावर पेटतायत. माझं म्हणणं फक्त इतकंच आहे की जाहिरातीत लिहिलेलं असतं स्नॉर्कलिंग आणि बोटीवर गेल्यावर हजार-पाचशे वाढवून होतं स्कूबा, आणि त्यानंतर दुपारी घाट चढायचा असेल तर ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, जो पाहुण्याला कोणीच सांगत नाही.

स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायचं. हवा वरचीच, आपण रोज घेतो तीच. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची, मिशी असेल तर तिथून थोडं पाणी झिरपतं तेवढं सोसायचं, लाइफ जॅकेट घालायचं, एका हाताने बोयाची रिंग धरायची आणि खाली बघायचं. पहिली दोन मिनिटं माणूस नळीतून धापा टाकतो, नाकाने श्वास घ्यायला बघतो, मग एकदा का पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा खालून गेला की श्वासाची भीती कुठल्या कुठे जाते. हे करून माणूस दुपारी खुशाल आंबोलीला जाऊ दे, काही होत नाही.

स्कूबाचं तसं नाही. तिथे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा पाण्याच्या दाबाखाली घ्यावी लागते. १० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो, त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश श्वासावाटे निघून जातो, पण त्याला वेळ लागतो, काही तास लागतात. आता त्या काही तासांतच तुम्ही माणसाला गाडीत घालून आंबोलीला नेलंत तर तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ८ टक्के कमी आहे. गोटी सोड्याची गोटी दाबली की आतला वायू कसा फसफसून वर येतो, तसा अंगातल्या नायट्रोजनचा बुडबुडा व्हायचा धोका वाढतो. सांधे दुखणं, अंगाला खाज, मुंग्या, चक्कर, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणं, आणि घाटातून आलेला माणूस ह्यातलं काहीही झालं तरी 'आज जरा जास्तच दगदग झाली' म्हणून झोपून जातो. खरं तर तेव्हा ताबडतोब ऑक्सिजन आणि डॉक्टर लागतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही जगभरातल्या स्कूबा करणाऱ्यांच्या सुरक्षेचं काम करणारी संस्था आहे, तिची शिफारस अशी की एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि जास्त वेळा मारली असेल तर किमान १८ तास विमानात बसू नये, आणि ही शिफारस सुमारे ६०० मीटरच्या पुढच्या उंचीसारख्या हवेच्या दाबासाठी आहे. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, म्हणजे हिशोब स्पष्ट आहे. आता कोणी म्हणेल की मालवणात पर्यटकांना कुठे खोल नेतात, पाच-सात मीटर पाण्यात पंधरा मिनिटं फिरवून आणतात. खरंय, त्यामुळे धोका कमी आहे हे मलाही मान्य आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्याने पैसे मोजलेत त्याला हे कळायला हवं की नको?

बरं हे फक्त एका दिवसाच्या सहलीपुरतं नाहीये, मला खरी काळजी वाटते ती परतीच्या दिवसाची. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक कोल्हापूर, बेळगाव, सांगली, पुण्याचे. ते काय करतात, पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी देवबागचा संगम आणि तारकर्ली, आणि स्कूबा ठेवतात शेवटच्या सकाळी, म्हणजे ते करून जेवून निघायचं. निघायचं कुठून? आंबोलीतून नाहीतर फोंडा घाटातून नाहीतर गगनबावड्यातून. देशावर जायचं म्हणजे सह्याद्री चढायलाच हवा, आणि कोल्हापूर, पुणे स्वतःच साडेपाचशे मीटरच्या वर आहेत. चिपी किंवा मोपाहून संध्याकाळचं विमान पकडणाऱ्यांचं तर विचारूच नका. म्हणून मी आमच्या पाहुण्यांना एकच सांगते, स्कूबा करायचंच असेल तर आल्या आल्या करा आणि रात्र किनाऱ्यावर काढा, शेवटच्या सकाळी फक्त स्नॉर्कलिंग. आणि आजरा किंवा बेळगावकडून येत असाल तर आंबोली येतानाच बघून घ्या, वाटेवरच आहे, त्यासाठी परत ऐंशी-नव्वद किलोमीटर उलटं जायची गरज काय.

सहलवाले सकाळी समुद्र आणि दुपारी घाट असा क्रम लावतात त्यालाही कारण आहे, ते मी नाकारत नाही. सकाळी मतलई वारा असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, पाणी निवळ असतं. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात, तळाची रेती ढवळते आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही. आमच्याकडचे जुने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, सांगतात, 'खारो वारो सुटलो काय पाण्याची मजा गेली.' अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते, तेव्हा ओढ कमी असते, ते दिवस बघून यावं हेही कोणी पाहुण्यांना सांगत नाही. तेव्हा समुद्र सकाळीच करा, पण मग ती स्नॉर्कलिंगचीच सहल ठेवा, बोटीवर चढल्यावर स्कूबा गळ्यात मारू नका.

ह्या जाहिरातींमधली दुसरी गोष्ट मला खटकते ती फोटोंची. एका बाजूला निळंशार पाणी आणि दुसऱ्या बाजूला आंबोलीचा भरून कोसळणारा धबधबा. अहो हे दोन्ही एकाच दिवशी दिसणार कसं? धबधबा भरतो जून ते सप्टेंबरात आणि तेव्हा समुद्र खवळलेला, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, जलक्रीडा बंद. पाणी नितळ होतं नोव्हेंबरपासून पुढे, तेव्हा धबधब्याची बारीक धार राहिलेली असते. म्हणून आंबोली हिवाळ्यात बघण्यासारखी नाही असं अजिबात नाही, कावळेसादची दरी, हिरण्यकेशीचा उगम, थंडी, रस्त्याकडेचा गरम चहा, सगळं आहे. मग तेच फोटो टाका ना. पाहुणा मुलांना घेऊन तीन तास गाडीत बसून येतो, मुलांना सकाळी बोट लागलेली असते आणि दुपारी मासे खाऊन घाटाच्या वळणांवर गाडी लागते, आणि वर पोचल्यावर विचारतात धबधबा कुठंय. त्या लेकरांचं तोंड बघवत नाही.

एक पाण्याखालचंही लिहिते. किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. खाली जो खडक वाटतो तो बऱ्याच ठिकाणी जिवंत प्रवाळ आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. त्यावर पाय टेकून फोटो काढणं आणि मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकणं हे पाहुण्याला माहिती नसतं म्हणून होतं, सांगितलं तर लोक ऐकतात, माझा अनुभव चांगला आहे. आंबोलीत माकडांना वेफर्स देणाऱ्यांबद्दल मात्र असं म्हणवत नाही.

आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला, ते आम्ही किनाऱ्यावरचे लोक विसरलेलो नाही. तेव्हा काही दिवस लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता ह्यावर सगळे बोलत होते. पुन्हा काही घडायची वाट न बघता तीन साध्या गोष्टी व्हाव्यात. पावतीवर स्नॉर्कलिंग की स्कूबा हे मराठीत ठळक लिहावं. स्कूबाआधी जो दमा, हृदयविकार, गरोदरपण विचारणारा फॉर्म असतो, ज्यावर लोक न वाचता सही ठोकतात, तो वाचून दाखवावा आणि त्यातच 'आज घाट चढणार आहात का, विमान आहे का' हा प्रश्न घालावा. आणि हो म्हणणाऱ्याला स्कूबा न देता स्नॉर्कलिंग द्यावं, धंदा तेवढा बुडत नाही.

तुमच्या पर्यटनाच्या पानावर हंगाम सुरू व्हायच्या आत हे छापलंत तर फार बरं होईल, कोल्हापूर-बेळगावकडचे आमचे पाहुणे निघायच्या आधी तेच पान चाळतात.

आपली,
निवास-न्याहारी चालवणारी एक वाचक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग