आखनच्या ताईला, सगळ्यांसमोर थँक्यू

प्रिय ताई,

समोर थँक्यू म्हटलं की तू "त्यात काय एवढं" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही चौघं जर्मनीतल्या आखनहून नेदरलँड्समधल्या माश्ट्रिख्त आणि बेल्जियममधल्या लिएजला फिरून आलो ते फक्त तुझ्यामुळे. पहिला हिवाळा, साडेचारला अंधार, हीटरला चिकटून बसायचं आणि घरी फोन लावला की रडू यायचं, अशी अवस्था होती. तू आलीस, म्हणालीस तीन देशांच्या कोपऱ्यावर राहता आणि खोलीत काय बसलाय, आणि स्वतःचे बूट आणि थर्मल माझ्या हातात ठेवून गेलीस.

आणि तुझा तो लांबलचक मेसेज! पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही ओरिजिनल घ्या, शेंगेन आहे, म्हणजे या देशांत एरवी सीमेवर पासपोर्ट तपासत नाहीत, म्हणून मोबाईलमधल्या फोटोवर जाऊ नका, हे पहिलंच वाक्य. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच शेजारी देशांच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय हे आम्हाला कुठे माहीत होतं, येताना खरंच पोलीस चढले आणि आम्ही चौघांनी निवांत कार्ड काढून दाखवली. आमच्यातली एक मांस-मासे खात नाही, तिच्यासाठी तू वेगळं लिहिलंस की बेल्जियममध्ये फ्राईज बऱ्याच ठिकाणी बैलाच्या चरबीत तळतात, आधी विचार. हे कुठल्या ट्रॅव्हल व्हिडिओत सांगतात गं? तिने लिएजचं वॉफल खाल्लं, आतली साखर दाताखाली कुरकुरते ते, आणि जाम खूश झाली.

जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे भेटतात त्या फाल्सच्या टेकडीवर तर तू सांगितलं नसतंस तर आम्ही तीन देशांच्या खांबाजवळ फोटो काढून निघालो असतो. ३२२ मीटरची टेकडी, पण १९२० पर्यंत तिथे चौथीही सीमा भिडायची, न्यूट्रल मोरेसनेट नावाच्या चिमुकल्या प्रदेशाची, कारण १८१६ मध्ये जस्ताच्या खाणीवरून प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्सचं जमेना म्हणून तो तुकडा कुणालाच दिला नाही. धुक्यात उभं राहून तुझा मेसेज मोठ्याने वाचला मी सगळ्यांना. माश्ट्रिख्तला थंडी असह्य झाली की जुन्या डॉमिनिकन चर्चमधल्या पुस्तकांच्या दुकानात शिरा म्हणालीस, तिथे आम्ही इतका वेळ रमलो की बाजार बघायचा राहिला, आणि त्याचं काहीच वाटलं नाही. लिएजमधल्या टेकडीवर जाणाऱ्या ३७४ पायऱ्या मात्र तुझ्या बुटांमुळे चढले, दगड नुसते ओले आणि निसरडे होते.

पण खरं थँक्यू त्या रात्रीसाठी. लिएजहून परतीची ट्रेन रद्द झाली, बोर्डावरचं फ्रेंच कळेना, एकीला कणकण आलेली, आणि तू परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून फोनवर थांबलीस, माश्ट्रिख्तपर्यंत लोकल पकडा, तिथून फाल्सवरून येणारी बस, आता उतरा, आता डावीकडे, असं अगदी आखनपर्यंत. पोचलो तर तुझ्याकडे वरणभात तयार. आईला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर ती म्हणाली, त्या मुलीला माझ्याकडून लाडू पाठवायचेत, पत्ता विचार.

तर पत्ता पाठव. तुझी परीक्षा संपली की आखनजवळच्या मोनशाऊ गावाला जाऊ, तिकिटं आणि खाणं आमच्याकडून, आणि यावेळी नाही म्हणायचं नाही.

तुझीच,
खालच्या मजल्यावरची