आठवण: २४ जानेवारी, कॅलिफोर्नियाचा दिवस

मंडळी, येत्या २४ जानेवारीला आपण ग्रुपवर कॅलिफोर्नियाबद्दल बोलणार आहोत, विसरू नका. १८४८ साली याच दिवशी कोलोमाला जॉन सटरच्या लाकूड गिरणीचं काम चालू असताना जेम्स मार्शलला पाण्याच्या पाटात सोन्याचे कण दिसले, आणि गंमत बघा, तेव्हा हा मुलूख कागदोपत्री मेक्सिकोचाच होता, तो अमेरिकेला देणारा तह झाला २ फेब्रुवारीला, म्हणजे फक्त ९ दिवसांनी! सटरला ही बातमी दाबायची होती पण ती फुटलीच, १८४९ मध्ये माणसांची रीघ लागली आणि १८५० ला राज्यही झालं. पण कोलोमाच्या खोऱ्यातल्या मूळच्या निसेनान लोकांची या सगळ्यात जी वाताहत झाली त्यावर कोणीतरी नीट लिहाच प्लीज, ते नेहमी राहून जातं.

आणि १९८४ ची २४ जानेवारी म्हणजे क्युपर्टिनोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनी बॅगेतून पहिला मॅकिंटॉश कॉम्प्युटर बाहेर काढला तो दिवस, किंमत २,४९५ डॉलर. कोणी तो वापरला असेल तर फोटो नक्की टाका.

कोलोमाला जाऊन आलेल्यांनी आपलं नाव आदल्या दिवशीपर्यंत कळवा, सुरुवात तुमच्यापासूनच करू.