खडू खाली ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम उघडपणे लिहितेय. चांगलं घडलं तर ते चार लोकांना कळायला हवं. आणि समोर येऊन बोलायला गेले असते तर मला धड बोलता आलं नसतं. अजूनही विषय निघाला की गळा दाटून येतो.

माझी मुलगी बोलताना अडखळते. शब्द तिला माहीत असतो, वाक्य मनात तयार असतं, पण पहिलं अक्षर ओठांवर अडून बसतं. इंग्रजीच्या तासाला प्रकट वाचन आणि इतिहासाच्या तासाला प्रश्नोत्तरं, या तिच्या दिवसातल्या सगळ्यात अवघड वेळा. तुम्ही नेमके हेच दोन विषय शिकवता.

तुमच्या आधी काय झालं तेही सांगते, कारण ते मनातून जात नाही. एका शिक्षकांनी पालकसभेत मला अगदी सहज सांगितलं, ‘तिला वेळ लागतो ना, म्हणून मी तिला विचारतच नाही.’ वर चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. दुसऱ्यांनी तर तोंडी परीक्षा न घेताच गुण मांडून टाकले. गुण वाईट नव्हते, पण त्यातून पोरीला जे कळायचं ते कळलं: आपण काय बोलणार यात इथे कोणालाच रस नाही. आणखी कोणी तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचं. ‘हां हां, हेच म्हणायचंय ना तुला? बस खाली.’ कित्येकदा तिला ते म्हणायचंच नसायचं. कोणी मारलं नाही, कोणी ओरडलं नाही, मग तक्रार तरी कशाची करायची? वर्गात रोज बसूनही माझी मुलगी गैरहजरच राहिली.

मग तुमचा तो फ्रेंच राज्यक्रांतीचा तास आला.

तुमची रोजची पद्धत मला आता तिच्याकडून पाठ झाली आहे. तास सुरू होताना फळ्यावर एक प्रश्न, आधी गुपचूप वहीत लिहायचं, मग शेजारच्याशी बोलायचं, मग वर्गाला सांगायचं. त्या दिवशी तुम्ही लिहिलंत: १४ जुलै १७८९. पॅरिसचे लोक बॅस्टिलच्या तुरुंगावर चालून गेले, त्या दिवशी राजा सोळाव्या लुईने रोजनिशीत लिहिलं, ‘काही नाही.’ यावरून राजाबद्दल काय कळतं? भराभर हात वर आले. राजा बेफिकीर होता, मूर्ख होता, त्याला प्रजेची खबरच नव्हती. सगळ्यांचं एकमत झालं. तेव्हा माझ्या मुलीने हात वर केला. अर्धाच. तिचा हात कानाच्या वर कधी जात नसे.

तुम्ही तिचं नाव घेतलंत आणि शब्द अडकला. मग तुम्ही जे केलंत त्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे. तुम्ही हातातला खडू टेबलावर ठेवलात, खुर्ची ओढून बसलात आणि तिच्याकडे बघत राहिलात. घड्याळाकडे नाही, हजेरीपटाकडे नाही. मागून कोणीतरी तिचं वाक्य पुरं करायला लागलं, तेव्हा तिच्यावरची नजर न हलवता नुसता तळहात उचललात. ‘सावकाश बोल’ म्हणाला नाहीत, ‘श्वास घे’ म्हणाला नाहीत. अडखळणाऱ्या माणसाला अशा सूचनांनी आणखी धडकी भरते, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं कोण जाणे. घरी आल्यावर तिने हे मला पुन्हा पुन्हा सांगितलं, खडू ठेवल्याच्या आवाजासकट.

अखेर ती बोलली. ‘पण मॅडम, ही वही कसली होती?’

आणि तुम्ही म्हणालात, ‘आजचा तास या प्रश्नावर.’

मला स्वतःला हे माहीत नव्हतं. त्या वहीत राजा मुख्यतः आपल्या शिकारीची नोंद ठेवत असे. ‘काही नाही’ म्हणजे त्या दिवशी शिकार नाही. शिवाय तो होता व्हर्सायला, पॅरिसची बातमी त्याच्यापर्यंत पोचली ती उशिरा. म्हणून काही तो चांगला राजा ठरत नाही. पण सगळ्या वर्गाने ज्या कागदावरून निकाल दिला, तो कागद मुळात कशासाठी लिहिला होता हे विचारलं फक्त एकीने. तिला तेवढा वेळ मिळाला नसता, तर हा प्रश्न वर्गात आलाच नसता.

पुढे इंग्रजीच्या तासाला तुम्ही तोच धागा धरलात. ‘बॅस्टिल सर करण्यात आली’ हे वाक्य पॅसिव्ह व्हॉइसमध्ये देऊन विचारलंत, कोणी केली? कर्ता घालून पुन्हा लिहा. तिची वही आत्ता माझ्यासमोर आहे. सुतार, कुलपं बनवणारे, चांभार, दुकानदार, त्यांना येऊन मिळालेले फ्रेंच गार्डचे शिपाई. कर्त्यांची रांग एवढी लांबली आहे की वाक्य समासात घुसलंय. आत कैदी होते फक्त सात, हेही तिने कोपऱ्यात टिपलंय. व्याकरण असंही शिकवता येतं!

तुम्हाला माहीत असेलच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात. तीन सेकंद! यासाठी ना निधी लागतो, ना नवी इमारत. तरीही इतकी वर्षं माझ्या मुलीला ते मिळाले नाहीत, याचा राग मला अजून येतो आणि तो मी लपवणार नाही.

समोरच्याचं बोलणं त्यालाच पुरं करू देणारी माणसं मी आता शोधायला लागलेय. घरात, कामाच्या ठिकाणी, रांगेत. फार थोडी सापडतात. ती भेटली की त्यांच्याजवळ बसावंसं वाटतं. त्यांच्यापुढे आपण हुशार आहोत हे सिद्ध करावं लागत नाही.

तिचं अडखळणं गेलेलं नाही. ते घालवल्याबद्दल मी आभार मानत नाहीये, आणि तुम्हीही तसा प्रयत्न केला नाहीत हेच मला फार मोलाचं वाटतं. परवा तिने वर्गात अख्खा उतारा वाचला. मध्ये अडली, थांबली, पुढे वाचलं. कोणी हसलं नाही. वाट बघायची सवय तुम्ही त्या सगळ्या मुलांनाच लावली आहे.

एक विनंती आहे. पुढच्या वर्षी तुम्ही तिच्या वर्गाला नाही असं कळलं. नव्या शिक्षकांना तिच्याबद्दल एवढं सांगाल का, की तिला प्रश्न विचारा आणि थांबा? मी सांगितलं तर आईची काळजी म्हणून सोडून देतील. तुमचं ऐकतील.

तुमची मनापासून आभारी,
अर्धाच हात वर करणाऱ्या मुलीची आई