गोळी द्या, पण नवऱ्याचा रिपोर्टही मागवा

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला वंध्यत्वावरचा लेख वाचला. सगळा भर टेस्ट ट्यूब बेबीवर. आमच्याकडची बाई तिथवर पोचायच्या आधी ज्या गोळीवर वर्ष-दोन वर्षं काढते, त्या बीज तयार होण्याच्या गोळीबद्दल त्यात एक ओळ नाही. मी करमाळ्यात मेडिकल चालवते. ही गोळी माझ्या हातून जाते, म्हणून हे पत्र.

चिठ्ठीवर दोन नावं येतात. क्लोमिफिन जुनी, अमेरिकेत तिला १९६७ मध्ये मान्यता मिळाली. लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कर्करोगावरची. त्यामुळे मोबाइलवर नाव टाकून बघितलं की बायका घाबरून स्ट्रिप परत आणतात. "ताई, मला कॅन्सरची गोळी दिली का हो?" मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत उभं असतं आणि मला हळू आवाजात समजवावं लागतं. भीती अगदीच बिनबुडाची नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदीच घातली होती. पण २०१४ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी आणि बीज तयार होणं अनियमित होतं तो त्रास) असलेल्या ७५० स्त्रियांपैकी लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिन घेणाऱ्या १९.१ टक्के जणींना. बाळातल्या व्यंगांच्या प्रमाणात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१७ मध्ये आपल्याकडची बंदी उठली. पीसीओएसमुळे बीज तयार होत नसेल तर आता तज्ज्ञ हीच गोळी आधी द्यायला सांगतात.

तेव्हा गोळीबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते नुसत्या गोळीबद्दल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस ती घ्यायची, मग सोनोग्राफी करून बीज वाढतंय का ते बघायचं. बीजाची पिशवी १८ ते २० मिलिमीटरपर्यंत आली की डॉक्टर पुढचं ठरवतात. आमच्याकडे पाच गोळ्या घेतल्या जातात आणि सोनोग्राफी राहून जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पण बुडालेला रोज कोण भरून देणार?

त्याहून वाईट म्हणजे दुसरीची चिठ्ठी. "जावेला यानं दिवस राहिले, तसलंच हिला द्या." मी देत नाही, मग दुकानदारीण माजली असं ऐकून घेते. गर्भनळ्या बंद असतील तर बीज तयार होऊन उपयोग काय? क्लोमिफिनने काहींची नजर अंधूक होते, तेव्हा ती थांबवून डॉक्टरांना गाठावं लागतं. जुळ्यांचं प्रमाणही वाढतं. जुळं म्हटलं की सासवा खूश होतात, पण त्या बाळंतपणातली जोखीम त्यांना कुणी सांगितलेली नसते.

आणि नवरा? क्लोमिफिन ५० मिलिग्रॅमची १०० होते, महिन्यामागून महिने चिठ्ठ्या येतात, पण नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा पत्ता नसतो. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. तपासणी साधी आहे, टोचायचंसुद्धा नसतं. मी विचारते, "मालकांचा रिपोर्ट काढला का?" बाई गप्प. सासूच फटकन बोलते, "त्येला काय धाड भरलीय?" मालक बाहेर गाडी चालू ठेवून बसलेले.

डॉक्टर मंडळींना विनंती आहे, पहिल्याच चिठ्ठीवर गोळीशेजारी सोनोग्राफीची तारीख लिहा आणि नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय पुढचा महिना लिहूच नका. तुमच्या शब्दाला घरात वजन असतं, काउंटरवरच्या बाईच्या नसतं. माझ्या व्यवसायबंधूंनीही डॉक्टरांची चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे तेवढं वाचून मगच स्ट्रिप काढावी. कायदाही तेच सांगतो.

आपण पुरवणीत पुढचा लेख पुरुषांच्या तपासणीवर छापावा. कात्रण दुकानाच्या काचेवर लावायचं काम माझ्याकडे.

– एक फार्मसिस्ट, करमाळा, जि. सोलापूर
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही.)