कळव्याच्या काकांना, सगळ्या डिस्क सुखरूप ठेवल्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे रे, त्यात काय एवढं" म्हणून दुसरंच काहीतरी विचारता, म्हणून हे सगळ्यांसमोर नीट लिहून काढतोय. त्यात दुसराही एक हेतू आहे, तुम्ही मला जे समजावलंत ते स्टुडिओवाल्या, टायपिंगवाल्या, क्लासवाल्या आणखी चार जणांना कळलं पाहिजे, कारण घरात ऑफिसात डिस्कचा ढीग सगळ्यांकडेच असतो आणि त्यातली कुठली कुठली हे फारच थोड्यांना खात्रीने सांगता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाण्यातल्या नौपाड्यात आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, मागच्या खोलीत एक स्टोरेजचा पीसी आहे, त्यावर विंडोज नाही, उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, लग्नं, मुंजी, बारशी, गडकरी रंगायतनला होणारे डान्स क्लासचे कार्यक्रम, सगळं ओरिजिनल फुटेज त्यात. लग्नाचा सीझन तोंडावर आलेला, जागा संपत आलेली, म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आणून आत बसवली. पीसी चालू केला तर दीड मिनिट नुसता थांबून राहिला आणि मग काळ्या स्क्रीनवर आलं की तुम्ही इमर्जन्सी मोडमध्ये आहात. ज्याने ती सिस्टीम बसवून दिली होती तो फोन उचलेना, दुसऱ्या एका ओळखीच्याने सांगितलं की जुनी डिस्क उडाली, काढ आणि विंडोजच्या मशीनला लाव, फॉरमॅट मागेल तर देऊन टाक, नंतर रिकव्हरी करू. त्या वेळी माझ्या मेव्हण्याने तुमचा नंबर दिला.

काका, तुमचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "काही उडालेलं नाही, आधी कशालाच एंटर मारू नकोस, आत काय काय जोडलंय ते मला सांग." मी सिस्टीमने डिस्कना दिलेली नावं सांगायला लागलो, एसडीए, एसडीबी, तर तुम्ही म्हणालात ते नको, डिस्कवरच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते वाच. पीसी बंद करून साइड पॅनल काढलं, मोबाईलचा टॉर्च मारून एकेका डिस्कचा फोटो काढून पाठवला, तोपर्यंत तुम्ही रिक्षात बसून कळवा पुलावर पोचला होतात.

इथे आल्यावर पण तुम्ही लगेच काही दुरुस्त करायला घेतलं नाहीत. इमर्जन्सी मोडमध्येच पासवर्ड टाकून एलएसबीएलके नावाची, जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड मारलीत, त्यात नाव, साइज, मॉडेल आणि सिरियल नंबर एवढेच कॉलम मागवले, आणि माझ्याकडून एकेका स्टिकरशी ताडून घेतलंत. तिथे सगळा उलगडा झाला. काल जी डिस्क एसडीबी होती ती आज एसडीसी झालेली आणि एसडीबीच्या जागी नवी कोरी डिस्क येऊन बसलेली. जुनी डिस्क धडधाकट होती, डेटा जागच्या जागी होता, फक्त सिस्टीम तिला जुन्या नावाने शोधत होती.

हे असं का होतं ते तुम्ही जे सांगितलंत ते मी आता स्टाफमधल्या प्रत्येकाला सांगतो. दवाखान्यात गेलं की कंपाउंडर येणाऱ्याला नंबर देतो ना, आज तुम्ही दुसरे आलात तर दोन नंबर, उद्या उशीर झाला तर पाच, पेशंट तोच. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी, एसडीसी ही तशीच आल्या क्रमाने मिळालेली अक्षरं आहेत, पीसी चालू होताना कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, ज्या क्रमाने डिस्क सापडत जातात त्या क्रमाने. नवी डिस्क मधल्या पोर्टला लावली, बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं, पेनड्राइव्ह लावून ठेवून रिबूट केलं, की क्रम हलू शकतो, कधी कधी काहीच न बदलता पण हलतो, कारण कर्नल सगळ्यांना एकाच वेळी हाका मारतो आणि जी आधी ओ देईल ती आधी. आणि आमच्या पीसीत एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये, म्हणजे चालू होताना कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची याची जी यादी असते तिच्यात, सरळ एसडीबी१ लिहून ठेवलेलं, म्हणजे एसडीबीचं पहिलं पार्टिशन, डिस्कवर पाडलेला पहिला भाग. नव्या डिस्कवर पार्टिशनच नव्हतं, मग एसडीबी१ येणार कुठून. सिस्टीमने ९० सेकंद वाट पाहिली आणि हात टेकले.

तुमच्या जमान्यात हे असं नव्हतं हे ऐकून मला फार आश्चर्य वाटलं होतं. रुंद पट्टीसारख्या केबलच्या आयडीई डिस्क होत्या तेव्हा लिनक्समध्ये एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरचा मास्टर, एचडीबी त्याच केबलवरचा स्लेव्ह, एचडीसी आणि एचडीडी दुसऱ्या केबलवरचे, मग मधला एखादा काढून टाकला तरी बाकीच्यांची नावं हलत नव्हती, कारण नाव जागेला होतं. लॅमिंग्टन रोडवरून डिस्क आणायची, मागचा छोटा जंपर चिमट्याने बरोबर पिनांवर बसवायचा, तो चुकला तर दोन्ही डिस्क दिसेनाशा व्हायच्या, हे तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की चहा गार झाला. एसडी हे नाव मुळात स्कझी या दुसऱ्या जोडणीच्या डिस्कचं, ती नावं क्रमानेच मिळायची, पुढे साटा ही आयडीईनंतरची बारीक केबलची जोडणी आली तेव्हा लिनक्सने साटाच्या डिस्क पण त्याच रांगेत घेतल्या, मग जुन्या आयडीई पण त्याच रांगेत आल्या, आणि २०२१ मध्ये कर्नल ५.१४ पासून तो जुना आयडीईचा ड्रायव्हर काढूनच टाकला. एनव्हीएमई या नव्या वेगवान एसएसडींची तऱ्हा आणखी वेगळी, एनव्हीएमई० एन१ पी२, म्हणजे शून्य नंबरचा कंट्रोलर, त्यातली पहिली नेमस्पेस, म्हणजे जागेचा पहिला कप्पा, त्यातलं दुसरं पार्टिशन. तुम्ही तोडून सांगेपर्यंत मला ते मंत्रासारखं वाटायचं.

मग दुरुस्ती. ती एवढीशी होती. बीएलकेआयडी कमांड मारून तुम्ही प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे कायमचा ओळख नंबर, काढलात, तो ३६ अक्षरांचा लांबलचक आकडा डिस्क फॉरमॅट करताना फाइल सिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायच्या पद्धतीच्या, आतच लिहिला जातो, मग ती डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, दुसऱ्या पीसीत लावा, आकडा तोच राहतो. एफएसटॅबमध्ये एसडीबी१ खोडून तिथे तो टाकलात, जुनी ओळ मात्र पुसली नाहीत, पुढे हॅश (#) लावून, म्हणजे सिस्टीमने ती वाचू नये अशी करून, तशीच ठेवलीत आणि शेजारी तारीख टाकलीत. फुटेजच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा ऑप्शन पण घातलात, म्हणजे उद्या खरंच एखादी डिस्क गेली तरी अख्खा पीसी अडून बसणार नाही, बाकीचं काम चालू राहील. आणि लगेच रिबूट नाही केलंत! आधी माउंट डॅश ए मारून सगळ्या ओळी बरोबर जोडल्या जातायत का ते बघितलंत, मग रिबूट. घाईत असलेला माणूस हीच पायरी गाळतो असं मला वाटतं.

एक धोक्याची गोष्ट पण सांगून ठेवलीत, ती मोठ्या अक्षरात लिहायला हवी. यूयूआयडी फाइल सिस्टीमबरोबर असतो, त्यामुळे डिस्कची जशीच्या तशी क्लोन काढली की दोन्हींचा यूयूआयडी एकच, मग दोन्ही एकत्र लावून ठेवायच्या नाहीत, कुठली जोडली जाईल याचा भरवसा नाही. तिथे बाय-आयडी या फोल्डरमधली नावं कामाला येतात, त्यात मॉडेल आणि कंपनीने दिलेला सिरियल नंबर असतो, तो क्लोनबरोबर जात नाही. यूएसबीच्या डब्यात घातलेल्या डिस्कवर मात्र कधी कधी डब्याचाच नंबर दिसतो, तिथे स्टिकर वाचायचा.

आणि ते विंडोजचं. त्या ओळखीच्याचं ऐकून मी डिस्क विंडोजला लावली असती तर काय झालं असतं, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टीम विंडोजला आपण होऊन वाचता येत नाही, मग तो कधी कधी सरळ विचारतो की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? त्यात डिस्क खराब झालीय असा अर्थ अजिबात नसतो, त्याला ती भाषा येत नाही एवढंच. त्या डिस्कवर कोपरीच्या एका कुटुंबाचं साठीशांतीचं फुटेज आहे, ते आजोबा आता नाहीत, आणि त्यांच्या मुलीने एडिट केलेली कॉपी अजून नेलेली नाही. एक क्लिक. तुम्ही म्हणालात, हा डबा आला की कॅन्सल, डोकं चालवायचं नाही, कॅन्सल. आमच्या एडिटिंगच्या टेबलावर ते आता कागदावर लिहून चिकटवलंय.

एडिटिंगच्या मशीनचं पण तुम्ही न सांगता करून दिलंत. तिथे विंडोज आहे, पेनड्राइव्ह आधी लावला की तो ई हे ड्राइव्हचं अक्षर घ्यायचा, मग प्रोजेक्टची डिस्क एफ व्हायची आणि सॉफ्टवेअर सगळे क्लिप हरवले म्हणून लाल करायचं, हे आम्ही रोजचं म्हणून सोडून दिलेलं. तुम्ही डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रोजेक्टच्या डिस्कना आर, एस, टी अशी मागची अक्षरं दिलीत, कारण विंडोज नव्या आलेल्याला पुढून पहिलं मोकळं अक्षर देतं, मागच्यांना सहसा धक्का लागत नाही, आणि दिलेलं अक्षर तो त्या मशीनपुरतं लक्षात ठेवतो. दुसऱ्या मशीनला लावली तर तिथे पुन्हा द्यावं लागतं, हे पण तेव्हाच कळलं. आणि विंडोजमध्ये पहिली डिस्क सी का, तर ए आणि बी फ्लॉपीला गेलेली आणि आयबीएमच्या पीसी एक्सटीला १९८३ मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली ती सी, हे ऐकून आमचा असिस्टंट पोरगा एवढा खूश झाला की त्याने घरी जाऊन आईला सांगितलं. त्याने फ्लॉपी कधी डोळ्याने पाहिलेली नाही.

नवी डिस्क तयार करताना एमबीआर की जीपीटी, म्हणजे पार्टिशनची यादी कुठल्या पद्धतीने लिहायची, असं विचारलं तेव्हा त्यालाच माउस दिलात आणि का ते पण सांगितलंत, ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर एमबीआरला साधारण २ टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही, आपली ४ ची, म्हणून जीपीटी. मग त्याने विचारलं ४ ची आहे तर विंडोजला ३.६३ का दिसते, फसवलं का दुकानदाराने? तुम्ही हसला नाहीत. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हे त्याला पाटीवर गुणाकार करून दाखवलंत. माझ्या मते शिकवणं म्हणजे हेच, आणि त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, जे घेतले ते फक्त येण्याजाण्याचे.

आता आमच्याकडे प्रत्येक डिस्कच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या टेपवर सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं आणि बसवल्याचा महिना आहे, तुमच्याच अक्षरात, पुढच्या आम्ही तशाच लिहिल्या. वहीत तेच नंबर, कुठल्या डिस्कवर काय आहे आणि त्याची दुसरी कॉपी कुठल्या नंबरवर. बाहेरून मॅक घेऊन एडिटर येतात, त्यांच्या डिस्कवर हमखास अनटायटल्ड नाव असतं, दोन लावल्या की दुसरी अनटायटल्ड १ होते, त्यांना पण आधी नाव बदलायला लावतो आणि मगच कॉपी सुरू. राम मारुती रोडवरच्या दोन स्टुडिओवाल्यांनी वहीच्या पानाचा फोटो नेला, त्यातल्या एकाच्या एफएसटॅबमध्ये अजून एसडीबी१ आहे, त्याला मी सांगितलंय की मी बदलून देतो पण काका शेजारी बसलेले हवेत.

तर काका, मनापासून आभार. एवढ्या लोकांच्या घरची कार्यं त्या डिस्कवर आहेत, त्यांच्या वतीने पण. गुरुवारी स्टुडिओ बंद असतो, त्या दिवशी कधीही या, त्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याला पण बोलावून घेतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
नौपाड्याचा स्टुडिओवाला